चाड्यावरची मूठ

आई, कारखान्याचा इतिहास लिहायचं काम माझ्यावर आलं आहे. तुझ्या नातीने ते माझ्या गळ्यात घातलं. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती, म्हणून तुला तिची ओळख करून द्यायला हवी. उंच आहे, बोलायला अण्णांसारखी तुटक आहे, आणि हसताना, पदर नसला तरी, तुझ्यासारखा हात तोंडाकडे नेते. यंत्रांच्या डिझाइनचं सगळं आता तीच बघते. कंपनीला इतकी वर्षं झाली, एक छोटी पुस्तिका काढू, शेतकऱ्यांना आणि डीलरांना वाटू, असं तिच्या मनात आलं. "बाबा, मशिनींचं मी लिहिते, माणसांचं तुम्ही लिहा," एवढं बोलून ती मोकळी झाली. तिचं लिहून कधीच झालं. माझं मात्र पहिल्याच पानावर अडलं, कारण पहिल्या पानावर तू आहेस, आणि माझं नाव कुठं घालू नका असं तू आम्हा सगळ्यांना बजावून गेली आहेस.

तिने जे लिहिलंय त्यात एक वाक्य असं आहे : संस्थापकांनी हाताने होणाऱ्या पेरणीचं निरीक्षण करून बियाण्याची चकती तयार केली. वाक्यात खोटं काहीच नाही. पण कुणाच्या हाताने, ते त्यात नाही. सकाळी देवपूजा झाली की मी कारखान्यात जातो, दारातल्या जुन्या लेथला हात लावून नमस्कार करतो, आणि मग कामाला लागतो. अण्णांनी घेतलेला तो पहिला लेथ. आता त्याच्यावर काही होत नाही, तरी तो हलवायला माझं मन होत नाही. गेले काही आठवडे त्याला हात लावताना रोज तेच वाक्य आठवायचं. तू जवळ असतीस तर विचारलं असतं. तू नाहीस, म्हणून मग दुसरीकडे जाऊन विचारलं. काय झालं ते तुला सांगण्यासाठी हे लिहायला बसलो आहे. आधी जरा मागचं सांगतो. तुला माहीत असलेलंच सांगतो आहे, पण मला ते कसं दिसलं ते तुला माहीत नसेल.

औशाकडच्या आपल्या त्या गावात अण्णांची पत्र्याची शेड होती. लातूरच्या एका वर्कशॉपमध्ये ते लेथ शिकून आले होते आणि शेडमध्ये कुळवाची पास, कोळप्याची पाती, तिफणीचे फण करून द्यायचे. पेरणीचे दिवस आले की तू आणि मागच्या घरची मावशी शेतात असायच्या. तू तिला अक्का म्हणायचीस. मला तुम्ही दोघी अजून दिसता. पुढे देवणीची बैलजोडी, मागे तिफण, तिफणीवर ते लाकडी वाटीसारखं चाडं, आणि चाड्यावर मूठ धरून चालणारी मावशी. ओटीतलं बी मुठीत यायचं, मुठीतून चाड्यात, चाड्यातून तीन नळ्यांनी मातीतल्या तीन तासांत, म्हणजे ओळींत. तिच्या मागे दोरीला बांधलेल्या एकट्या नळ्यात तुरीचं बी सोडत तू. पुढच्या रानात तू चाड्यावर आणि ती मागे. मूठ उघडी दिसायची नाही की मिटलेली दिसायची नाही. अंगठ्याखालून दाणे असे सरकायचे की हात हलतोय हेसुद्धा कळू नये. साऱ्या पंचक्रोशीत अशी मूठ मोजक्याच बायकांची. वापसा आला, जमीन पेरणीजोगी झाली, की सगळ्यांना एकदमच पेरायचं असायचं. मावशीला न्यायला कुठल्या कुठल्या गावच्या बैलगाड्या येऊन उभ्या राहायच्या, आणि कुणाची गाडी आधी आली यावरून माणसं भांडायची. ज्याला मूठ मिळाली नाही त्याची ओल उडून जायची.

अण्णांच्या डोक्यात पेटी आली ती त्यातूनच. तिफणीवर पत्र्याची पेटी, खाली चकती, चकतीला भोकं. चाक फिरलं की चकती फिरेल आणि भोकाभोकातून दाणा पडेल. चकती फिरायची, पण दाणे कुठं झुंडीने पडायचे आणि कुठं पडायचेच नाहीत. भोक लहान कर, मोठं कर, चाकाचे दाते बदल, असं किती दिवस चाललं होतं. शेवटी एके सकाळी ते भाकरीच्या ताटावरून उठता उठता तुला म्हणाले, "आज तू पेर. बोळीत पेर. मी बघतो."

आपल्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंतची सगळी बोळ त्या दिवशी शेणाने सारवली होती. ओल्या सारवणावर दाणा जिथं पडेल तिथंच चिकटेल, ही अण्णांची अक्कल. कोंबड्या कोंडल्या. मला उंबऱ्याबाहेर पाय टाकायची बंदी. दोन गडी बैलांसारखे तिफण ओढत होते आणि तू मागून चालत होतीस, जणू रानातच आहेस अशी. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना ते नवल. त्यातला एक ओरडला, "काय रं, वरात हाय का आज? नवरीला चालायला बोळ सारवली का काय?" अण्णांनी मान वर न करता उत्तर दिलं, "नवरी जुनीच हाय काका. चाल बघायचीय." तू तोंडात पदर धरलास, पण मूठ थांबली नाही. तुझे ओठ मधूनमधून हलत होते. देवाचं नाव घेत असशील, एवढंच मला तेव्हा वाटलं.

सारवण वाळेपर्यंत चिमण्या टपून होत्या. अण्णा स्वतः काठी घेऊन दिवसभर बोळीच्या तोंडाशी बसले आणि एकेक चिमणी हाकलली. वाळल्यावर गुडघ्यांवर बसून, दोरी धरून, खडूने खुणा करत त्यांनी तुझा प्रत्येक दाणा मोजपट्टीवर घेतला. दाणे एका सुतात होते. फक्त ठरावीक अंतरावर एकेक चिमूटभर दाण्यांचा पुंजका होता. अण्णांनी तुला विचारलं नाही. तुझा हात चुकणार नाही एवढं त्यांना ठाऊक होतं, तेव्हा पुंजका आहे तर त्याला कारण असणार. त्यांनी चकतीला सगळी भोकं सारखी पाडली आणि एक भोक मोठं पाडलं.

पहिल्या पेट्या त्या भोकासकट विकल्या गेल्या. ज्वारी उगवून आली आणि शेतकरी दारात. देवणीकडचा एक उंच माणूस मला आठवतो. हातातली पिशवी खाली न ठेवता तो म्हणाला, "तुमच्या तिफणीला उचकी लागती काय हो? चार पावलं नीट चालती, अन् मधीच भडाभडा ओकती." तू आत भाकरी थापत होतीस. ऐकून पिठाच्या हातांनीच बाहेर आलीस, चकती उजेडाकडे धरलीस, ते मोठं भोक बघितलंस आणि हसायला लागलीस. हसता हसता तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आवं, ती पाखराची व्हती!"

"कुणाची?"

"पाखराची. थोडं चाललं की एक चिमूट त्यांच्यासाठी सोडते मी. देवाचं नाव घिऊन. अन् तुम्ही ज्यांच्यासाठी टाकलं त्यांनाच दिसभर हाकलत बसलात."

अण्णांनी चकती तुझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही इचारलं व्हय?"

देवणीचा माणूस पिशवी खाली ठेवून पोट धरून हसत होता. अण्णांनी सगळ्यांना चकत्या बदलून दिल्या. त्या माणसाने मात्र घेतली नाही. "असू द्या, पाखराचं बी असतं थोडं," म्हणून तो तशीच पेटी घेऊन गेला, आणि पुढे कितीतरी गिऱ्हाइकं त्यानेच पाठवली. तुझ्या नातीने हे प्रकरण 'पहिल्या मॉडेलमधील त्रुटी' या मथळ्याखाली घेतलंय. तिचं चुकलं असं नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पेटी चालली, आई. इतकी चालली की दोन-तीन पेरण्यांत गावात बैलगाड्या येऊन उभ्या राहायच्या बंद झाल्या. मावशीला न्यायला कुणी येईना. त्याच सुमारास तिने आपल्या घरी यायचं सोडलं. येळवसेला, मार्गशीर्ष अमावास्येच्या रानातल्या पूजेला, ती दरवर्षी आपल्याच रानात असायची. कडब्याची कोप तुम्ही दोघी मिळून उभारायच्या, पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांना चुना लावायचं काम तिचं, आंबिलीचा डेरा डोक्यावर घ्यायचं तुझं. त्या वर्षी तू तिची वाट बघत नैवेद्य बराच वेळ खोळंबून ठेवलास. अण्णा म्हणाले, "येणार न्हाई ती. तिचं काम ग्येलं, राग येणारच." तू नैवेद्य वाढायला घेतलास. मग आपल्या घरात हेच कारण ठरून गेलं, आणि मीही तेच खरं धरून मोठा झालो : आपल्या लोखंडाने मावशीचं काम नेलं, म्हणून ती बोलत नाही, आणि म्हणून तुला त्या पेटीचा आनंद होत नाही.

पुढचं तुझ्या डोळ्यांसमोरचंच आहे. शेड पुरेना म्हणून आपण लातूरला एमआयडीसीत आलो. मळणी यंत्रं सुरू केली. भूकंपानंतरचं सगळं वर्ष आपण शेतीचं काही केलंच नाही, फक्त घरांचे सांगाडे आणि दारं-खिडक्या केल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत कामगार एकमेकांशी बोलायचे नाहीत. मग सोयाबीन आलं. आपल्या लोखंडी चकतीत त्याच्या नाजूक दाण्याचं साल फुटायचं, उगवण व्हायची नाही, आणि शिव्या खायला अण्णा गावोगाव गेले. त्यातून नायलॉनची चकती आली. तिथवर तू होतीस. नंतर ट्रॅक्टरवरची पेरणी यंत्रं आली, रुंद वरंब्यांवर पेरणारी आली, आणि आता हवेच्या दाबाने एकेक दाणा उचलून सोडणारं यंत्र तुझ्या नातीने केलं आहे. ते इकडे नांदेडकडे तर जातंच, पार तेलंगणात, कर्नाटकात जातं. अण्णा तुझ्यानंतर बरीच वर्षं होते. हवेचं यंत्र मात्र त्यांना बघायला मिळालं नाही.

कंपनीचं पहिलं रंगीत कॅटलॉग निघालं तेव्हा अण्णांची इच्छा होती की कव्हरवर तुझा फोटो असावा, चाड्यावर मूठ धरलेली. फोटोवाला घरी आला होता. तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. आतूनच म्हणालीस, "माझा फोटो न्हाई. माझं नाव बी न्हाई. ह्या पेटीवर कवाच न्हाई." अण्णांना वाईट वाटलं. मी तुला मागाहून विचारलं, "का गं?" तू डाळ निवडत होतीस. डाळीतला खडा बाजूला टाकलास आणि म्हणालीस, "अक्काला काय वाटंल." झालं. तुझं तेवढंच बोलणं मी एवढी वर्षं जपून ठेवलं, आणि त्याचा अर्थ मला ठाऊक आहे असं समजत राहिलो.

म्हणून यंदाच्या येळवसेला मी ठरवलं की मावशीलाच विचारायचं. ती आहे अजून. तिच्या मनाला लागणार नसेल तर तुझं लिहायचं, नाहीतर नाही. येळवसेला कारखाना बंद असतो, सगळं लातूर रानात गेलेलं असतं. आपल्या रानात पूजा झाली, नैवेद्य झाला, आणि मी भज्जी, उंडे, आंबील डब्यात घेऊन गावात गेलो. बोळीत आता सिमेंट आहे. मावशी तिच्या लेकाच्या अंगणात बाजेवर उन्हाला पाय पसरून बसली होती. घरचे सगळे रानात. डोळ्यांना कमी दिसतं तिला, पण कान शाबूत आहेत.

"कोन हाय?"

"मी, मावशी. पुढच्या घरचा."

"पेटीवाल्याचा?"

"हाव."

"मंग आंबील आनली असशील."

मी वाटीत ओतून दिली. तिने दोन घोट घेतले. "पातळ झालीय. तुझ्या मायच्या हातची घट असायची. बस. काय काम काढलंस?"

"एक इचारायचं होतं, मावशी."

"आरं वा," ती म्हणाली. "इचारायला शिकलं म्हना तुमचं घर."

तेव्हा मला त्या टोमण्याचा रोख कळला नाही. मी तिला पुस्तिकेचं सांगितलं. जपून, शब्द निवडून सांगितलं, की पेटीमुळे तुमचं काम गेलं हे आम्ही विसरलेलो नाही. तिने मध्येच हात वर केला.

"काय लिवायलास तू, ते सांग आधी."

"हेच, की आईच्या मुठीवरून अण्णांनी चकती केली."

"कुनाच्या?"

"आईच्या."

ती हसली. मग हसणं थांबलं, आणि ती माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे तोंड करून बसली. "तुझी माय नांदेडची. तिचा बाप हापिसात कामाला. लगीन होऊन आली तवा ज्वारीचा न् बाजरीचा दाना तिला वळखू येत नव्हता. गोदागंगेच्या घाटावर वाढलेली पोर, ढेकळात पाय पडला की 'आई गं' म्हनायची. तिला मूठ कोन शिकवील? सासू म्हनायची, हिच्यानं व्हत न्हाई, हिला घरी बसवा. रडायची माज्यापाशी यिऊन. म्या शिकिवली. दोन पेरन्या तिचं मनगाट धरून चालले तिच्यासंगं. चुकली की फटका. लई फटके खाल्ले तिनं."

आई, तू नांदेडची हे मला जन्मापासून माहीत. मामाच्या घरी शेत नाही, बैल नाही, हेही माहीत. तरी तुला मूठ कुणी शिकवली हा साधा प्रश्न मला कधी पडला नाही. तू जन्मतःच ते सगळं घेऊन आलीस असंच मी धरून चाललो होतो, आईबद्दल लेकरं धरून चालतात तसं.

"त्या दिशी मी औशाच्या बाजारला गेल्ते," मावशी सांगत होती. "दिस कलल्यावर आले, तर बोळभर माजी मूठ वाळत पडलेली. अन् तुझा बाप काठी घिऊन राखन करत बसलेला. म्या हुबी राहून बघितली. आपलं लेकरू दुसऱ्याच्या दारात खेळत असलं तर वळखू येत न्हाई व्हय? मधीमधी तिची पाखरं व्हती. ती खोड काय ग्येली न्हाई तिची. लई सांगितलं, बी वाया जातंय. म्हनायची, अक्का, मातीला देतोय तर त्यांना बी द्यावं."

"काम गेलं म्हणून तुम्ही बोलणं सोडलं, असंच वाटायचं आम्हाला."

"कामाचं काय रं बाबा. टॅक्टर यायचाच व्हता. हे बग, हा खांदा वर व्हत न्हाई अजून. सुटले म्हनलं एका परीनं. पर मला इचारलं न्हाई." ती वाटीच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मी बाजारला ग्येलेली बघून केलं, का आपसूक तसं झालं, ते बी मला म्हाईत न्हाई आजवर."

मलाही माहीत नाही, आई. अण्णांनी जेवणावरून उठता उठता सांगितलं आणि तू निघालीस, एवढंच मी पाहिलंय. त्या क्षणी तुला अक्काची आठवण झाली का, झाली असून तू गप्प राहिलीस का, हे फक्त तू सांगू शकली असतीस. मी मावशीला काहीतरी जोडून सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. अशा ठिकाणी देवापुढे बसणाऱ्या माणसाने खोटं बोलू नये.

"ती आली नाही कधी तुमच्याकडे?"

"आली की. एकदा येळवसंलाच आली, हे असंच घिऊन. दारात हुबी राहिली. ती बी बोलंना, मी बी बोलंना. मी आत दळत बसले. जातं थांबलं असतं तर बोलावं लागलं असतं, म्हनून थांबविलं न्हाई. मंग ती ग्येली."

"तिनं काय म्हणायला पाहिजे होतं, मावशी?"

"काय न्हाई. 'ही तुजी हाय अक्का.' निस्तं इतकंच."

अंगणात ऊन होतं. कुठल्यातरी रानातून येळवसेच्या आरोळ्या येत होत्या. मी बाजेजवळ खाली बसलो आणि तिच्या पायांना हात लावून म्हणालो, "मावशी, ती तुमची आहे."

मला वाटलं होतं तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणाली, "तू म्हनून काय उपेग?" आणि मग लगेच, "तुला तरी येती का मूठ?"

"नाही."

"पेटीवाल्याचा लेक, एवढा कारखाना, अन् मूठ येत न्हाई?" आता मात्र ती खोकला येईपर्यंत हसली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन तिने माझ्या खिशाकडे हात केला. "आता कसली चकती करता, दाव." गाडीत नमुन्याची एक होती, ती आणून दिली. तिने भोकाभोकावरून अंगठा फिरवला, सावकाश, पूर्ण गोल. "ही कुनाची मूठ?"

"कुणाची नाही. कॉम्प्युटरवर काढली. माझ्या पोरीनं."

"बराबर हाय," ती म्हणाली, आणि चकती परत दिली. मग तिने आंबील संपवली, वाटी उपडी ठेवली. "लिवनार असशील तर नीट लिव्ह. मूठ कुनाची ते आधी लिव्ह."

"लिहितो. आणि आईचं? तिनं नको म्हटलं होतं."

"का नको म्हनली ते कळलं का तुला?"

"आज कळलं."

"मंग लिव्ह. माजी शिकाऊ म्हनून लिव्ह. तेवढा तिचा हक हाय. अन् पाखराचं लिव्ह, त्यात माजं काय न्हाई. ते तिचं सोताचं."

तसंच लिहिलंय, आई. पहिल्या पानावर मावशीचं नाव आहे, नावापुढे गाव आहे. त्यानंतर तू, तिची शिकाऊ, नांदेडहून आलेली. त्यानंतर अण्णा, शेण, चिमण्या, दोरी आणि खडू. तुझ्या नातीने वाचलं आणि 'त्रुटी' तो मथळा स्वतःच खोडून टाकला. तिथं काय लिहायचं ते तिला अजून सुचलेलं नाही, ती जागा रिकामी आहे. छापायला द्यायच्या आधी मी ते पान मावशीला वाचून दाखवलं. स्वतःचं नाव आलं तेव्हा तिने मान हलवली, जसं कुणी हजेरीला ओ देतं. तुझं आलं तेव्हा म्हणाली, "म्होरं वाच." पान संपल्यावर ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी निघालो तशी म्हणाली, "तिला फटके जरा जास्तीच मारले म्या."

तुझी मनाई मी मोडली आहे. तुला चालेल असं मला वाटतं, पण तुझ्या वतीने किती बोलावं याला मर्यादा असते. मावशीला 'ही तुजी हाय' म्हणालो तेही माझंच म्हणणं होतं, तुझं नव्हे. ते तिला बरोबर कळलं होतं. पूजेला बसलो की मी तुझ्यासाठी वेगळं काही मागत नाही. हल्ली एवढंच मागतो की तुम्हा दोघींची जिथं कुठं भेट होईल तिथं जातं सुरू नसावं.

हे कागद मी घडी करून देव्हाऱ्याखालच्या फळीत ठेवून देईन. पाठवायचे नाहीतच. कुणी वाचणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून एक शेवटचं लिहितो. गेल्या काही रविवारांपासून मी मावशीकडे मूठ शिकायला जातो. कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. मावशी बाजेवर बसते, मी अंगणातून चाड्यावर हात धरून चालतो, तिची दोन नातवंडं जुनी तिफण ओढतात आणि खिदळतात. माझे दाणे झुंडीने पडतात. तिला दिसत नाही, पण जमिनीवर पडलेल्या बियाच्या आवाजावरून कळतं. "तुझ्या मायपरीस ढ हाईस," म्हणते, मला जवळ बोलावते, माझं मनगट धरते आणि अंगठा कुठं ढिला सोडायचा ते दाबून दाबून सांगते. तिचा हात खरखरीत आणि गरम आहे. परवाच्या रविवारी मला जमलं होतं, आई. पुरी एक ओळ सरळ पडली. ती काही बोलायच्या आत मी पुढची ओळ मुद्दाम चुकवली, तिने पुन्हा मनगट धरावं म्हणून.